पाच किलोची पिशवी

१५ जुलै २०२५, मंगळवार. तोक्यो

निघायच्या आदल्या आठवड्यात भाच्याचा निरोप आला होता : "मावशी, लोणचं आण, भाजणी आण, काय हवं ते आण. फक्त तांदूळ आणू नकोस. वनस्पती तपासणीचा दाखला लागतो, नसला तर विमानतळावरच काढून घेतात." मी ३१ वर्षं पुण्यात रेशनिंगमध्ये काढली. शिधापत्रिका, गोदामं, पोती, वजनातली घट. तांदूळ सोडून बाकी सगळं आण असं मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सांगितलं. इंद्रायणीची दोन किलोची पिशवी बॅगेतून काढून परत डब्यात ओतली.

नणंदेचा निरोप वेगळाच. "५ तारीख टळली ना, मग जा." एका जपानी बाईने फार पूर्वी काढलेल्या चित्रकथेत २०२५ च्या जुलैत मोठं संकट येणार असं म्हटलं होतं म्हणे. नव्या आवृत्तीमुळे लोकांनी ५ जुलै ही तारीख धरली. जपानच्या हवामान खात्याच्या प्रमुखांनी ही अफवा आहे असं जाहीर सांगितलं, तरी हाँगकाँगहून येणाऱ्या काही विमानफेऱ्या प्रवासी नाहीत म्हणून कमी कराव्या लागल्या. दक्षिणेला तोकारा बेटांवर जूनअखेरपासून हजाराच्या वर धक्के बसले, तेव्हा तर नणंदेने माझं तिकीट मनातल्या मनात रद्दच केलं होतं. ५ जुलै आली नि गेली. ६ ला आषाढी झाली. १५ ला मी हानेदाला उतरले. बोटांचे ठसे दिले, फोटो दिला आणि बाहेर पडले तर तोंडावर दमट वाफ आली. हे असलं हवामान मी चिपळूणला फुकट सोसते.

भाचा निखिल आणि त्याची बायको ऋता निशी-कासाईत राहतात, एदोगावा वॉर्डात. २००० च्या सुमारास संगणकाच्या कामासाठी आलेले भारतीय इथे स्थिरावले आणि वाढतच गेले. २०१९ मध्ये याच वॉर्डाच्या सभागृहात योगेंद्र पुराणिक निवडून आले. भारतात जन्मून जपानी नागरिकत्व घेतलेला, जपानमध्ये निवडणूक जिंकणारा पहिला माणूस, आणि तो पुण्याशी नातं असलेला. पुढे ते एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापकही झाले. म्हणजे आडनाव सार्थ : आधी सभा, मग शाळा.

रात्री दूध आणायला खालच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानात गेले. गल्ल्यावरच्या मुलीने माझी साडी बघून थेट हिंदीत विचारलं, "आंटी, पिशवी हवी?" नेपाळची आहे, भाषा शिकायला आली आहे. विद्यार्थ्यांना आठवड्याला २८ तासच काम करायची मुभा असते, ते तास ती इथे भरते. तिच्या शेजारी एक ब्रह्मदेशी मुलगा. दुकानात जपानी असं फक्त मी घेतलेलं दूध होतं.

१६ जुलै, बुधवार. निशी-कासाई

पहाटे जाग आली ती ओल्या कचऱ्याच्या वाराने. आज जळणारा कचरा. बुधवारी हा, अमुक वारी प्लास्टिक, तमुक वारी बाटल्या. ऋताने स्वयंपाकघरात तक्ता लावलाय, माझ्या ऑफिसातल्या धान्यवाटपाच्या तक्त्यासारखा. बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं, बाटली धुवून वेगळी. मी केळ्याचं साल हातात धरून उभी होते, तर खालच्या मजल्यावरच्या आजी आल्या, वाकून नमस्कार केला आणि कावळ्यांसाठीची जाळी उचलून धरली. वय ८२. त्यांना इथे मी आजीच म्हणेन.

मग ज्याच्यासाठी मी खरं तर आले होते ते बघायला गेले : सुपरमार्केटातला तांदूळ.

आपल्याकडे कांदा महाग झाला की सरकारला घाम फुटतो. इथे तांदूळ. मे महिन्यात पाच किलोच्या पिशवीचा सरासरी भाव ४,२८५ येनला पोचला, आदल्या वर्षीच्या दुप्पट. किलोला साधारण ५०० रुपये. मी गेले तेव्हा ३,६०० च्या आसपास उतरला होता, आणि पाटीवर लिहिलेलं : एका कुटुंबाला एकच पिशवी. ही पाटी मी जन्मभर दुसऱ्यांना लावली आहे. तिच्यासमोर गिऱ्हाईक म्हणून उभं राहायची वेळ तोक्योत आली.

कारणं विचाराल तर कोणी पर्यटकांकडे बोट दाखवतं, कोणी दलालांकडे. २०२३ चा उन्हाळा कडक गेला, दाणा पांढरट पडला, कांडपात तुटला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मोठ्या भूकंपाचा इशारा निघाला आणि घाबरून लोकांनी शेल्फं रिकामी केली. हे सगळं खरंच. पण मूळ जुनं आहे. १९७० पासून इथल्या सरकारने भात कमी लावा म्हणून शेतकऱ्याला पैसे दिले. लोक पाव-नूडल्स खायला लागले, भात शिल्लक पडायला लागला, भाव पडू नये म्हणून शेतं आखडली. वाटून दिलेला कोटा २०१८ मध्ये गेला, पण दुसरं काही पेरलं की अनुदान, हे चालूच राहिलं. पन्नास वर्षं कमी पिकव म्हणून सांगितलेला माणूस एका वर्षात जास्त कसा पिकवेल? आणि पिकवणार कोण? मुख्य शेती करणाऱ्यांचं सरासरी वय ६९ च्या पुढे गेलंय. आमच्याकडे त्या वयाला माणूस मंदिराच्या पारावर बसून सरकारला शिव्या देतो.

मग मंत्र्यांचं प्रकरण. मे महिन्यात कृषिमंत्री ताकु एतो भाषणात म्हणाले, मी कधी तांदूळ विकत घेतलेला नाही, समर्थक इतका देतात की विकता येईल एवढा घरी पडलाय. तीन दिवसांत घरी बसले. आमच्याकडे असं बोलून कोणी घरी गेल्याचं मला आठवत नाही. आमच्याकडे असं बोलतच नाहीत, हीही एक हुशारीच. त्यांच्या जागी माजी पंतप्रधानांचे चिरंजीव शिंजिरो कोइझुमी आले आणि त्यांनी सरकारी गोदामं उघडली.

१९९३ मध्ये थंड उन्हाळ्याने पीक बुडालं, थायलंडहून तांदूळ आणावा लागला, त्यानंतर सरकारने साठा ठेवायला सुरुवात केली. तो आता बाहेर निघाला, पाच किलोला २,००० येनच्या घरात. पहाटेपासून रांगा लागल्या. जपानी लोक रांगेत सुंदर उभे राहतात हे ऐकून होते, पण माझ्या खिडकीसमोर कोणी असं उभं राहिलं असतं तर मी नोकरी सोडलीच नसती.

या जुन्या तांदळाची नावं ऐका. २०२३ चा तो कोमाइ, जुना तांदूळ. त्याच्या आधीचा कोकोमाइ, जुना-जुना. त्याच्या आधीचा, २०२१ चा, कोकोकोमाइ. जणू खुराड्यातून आवाज येतोय. संसदेत एक विरोधी नेता म्हणाला, हा एक वर्षाने जनावरांच्या खाद्यात जायचा तांदूळ, आणि नंतर त्याला माफी मागावी लागली. मी मात्र चक्रावले. आमच्याकडे जुना तांदूळ म्हणजे मानाचा. मोकळा होतो, फुगतो, पोटाला हलका. नवा भात चिकट होतो म्हणून आजारी माणसाच्या पेजेला. इथे उलटं : नवा तांदूळ डोक्यावर, जुना पायाशी. चिकटपणा हाच गुण.

निखिलने कोकोकोमाइची एक पिशवी मिळवून ठेवली होती, अजून न उघडलेली. एरवी ही दोघं भारतीय दुकानातला बासमती खातात. "म्हटलं तू आलीस की तपासून बघशील," तो म्हणाला. मी पोत्यातून नमुना काढायचा टोचा मागितला. घरात टोचा नव्हता.

भारतात आज शिधापत्रिकेवर माणशी महिन्याला पाच किलो धान्य फुकट आहे, साधारण ८१ कोटी लोकांना. इथल्या माणसाला तांदूळ लागतो वर्षाला पन्नास किलोच्या आसपास, म्हणजे महिन्याला पाच किलोसुद्धा नाही. तीच पाच किलोची पिशवी. एकीकडे तिच्यावर निवडणुका जिंकतात, दुसरीकडे मंत्री जातो.

१७ जुलै, गुरुवार. सुगामो

निवडणुकीबद्दल सांगायचं राहिलं. येत्या रविवारी वरिष्ठ सभागृहाची निवडणूक आहे. सोमवारी समुद्र दिनाची सुट्टी, म्हणजे जोडसुट्टीच्या मध्ये मतदान. लोक फिरायला जावेत आणि मत देऊ नये अशी ही योजना आहे का, असं निखिलच्या ऑफिसात कुजबुजतात. मोठ्याने कोणी बोलत नाही. मोठ्याने बोलायचं काम गाड्यांकडे दिलंय.

सकाळी आठच्या ठोक्याला पहिली गाडी येते. पांढरे हातमोजे घातलेली माणसं खिडकीतून हात हलवतात आणि एक बाई अतिशय गोड आवाजात उमेदवाराचं नाव सांगत जाते. नाव, नाव, नाव, आणि ओनेगाइशिमास, कृपा असावी. धोरण वगैरे काही नाही. या बायकांना एका गाणाऱ्या पक्ष्याच्या नावावरून उगुइसु-जो म्हणतात. रेल्वेत फोनवर बोलणं असभ्य, नाक शिंकरणं असभ्य, आणि हा भोंगा रात्री आठपर्यंत सभ्य! घरोघरी जाऊन मत मागायला मात्र कायद्याने बंदी आहे. मला वाटतं, आमच्या नगरसेवकांना इथे पाठवावं आणि इथल्या भोंग्यांना तिकडे. नको, भोंगे आमच्याकडे पुरेसे आहेत.

स्टेशनजवळ उमेदवारांच्या पोस्टरांचा मोठा फळा आहे. प्रत्येकाला नंबरचा एक चौकोन, तेवढाच. तोक्योत सात जागांसाठी ३२ उमेदवार. गेल्या वर्षी राज्यपालपदासाठी ५६ उभे होते, फळा पुरला नाही, आणि काहींनी तर चौकोनात कुत्र्याचे फोटो लावले. म्हणून यंदा पोस्टरला शालीनता हवी असा कायदाच केला. शालीनतेसाठी कायदा करावा लागतो ही बातमी जपानहून यावी, हे मला मनापासून आवडलं.

फळ्यावर एक केशरी पोस्टर सारखं दिसतं. सानसेइतो. २०२० मधला पक्ष, यूट्यूबवर वाढला, घोषणा : 'निहोन्जिन फास्तो', जपानी माणूस पहिला. जपानी माणसाला पहिला म्हणायला इंग्रजी शब्द घ्यावा लागला, याचं निखिलला हसू येतं, पण ऋताला येत नाही. ती म्हणाली, "मावशी, दहा वर्षं झाली मला इथे. घर भाड्याने द्यायला नाही म्हणणारे आधीही होते. पण ते वाकून, माफी मागून नाही म्हणायचे. आता स्टेशनासमोर माइकवर म्हणतात." गेल्या वर्षाअखेर इथे ३७ लाख ६८ हजार परदेशी रहिवासी होते, लोकसंख्येच्या तीन टक्के. मुंबईत एका लोकलच्या डब्यात याहून जास्त टक्के परप्रांतीय असतात आणि त्यावर आमच्याकडे एवढं राजकारण झालंय की मला इथे नाक वर करायची सोय नाही. ऋताला मी तसं सांगितलं. "माहितीये," म्हणाली, "माझे बाबाच तिकडे टाळ्या वाजवायचे."

दुपारी सुगामोला गेले. आजीबाईंची बाजारपेठ म्हणून हे प्रसिद्ध. आठशेएक मीटरचा रस्ता, दोन्ही बाजूला मऊ चपला, गुडघ्याचे पट्टे, मोचीची दुकानं, दुकानांच्या पाट्या ठळक अक्षरात. आणि लाल चड्ड्या. हो. पूर्ण दुकानच लाल अंतर्वस्त्रांचं. बेंबीखाली लाल कापड असलं की अंगात ऊब आणि जोम राहतो अशी समजूत. पासष्टीच्या पुढची माणसं या देशात २९ टक्क्यांवर, त्यामुळे धंदा तेजीत असणार. मीही एक घेतली. नणंदेसाठी.

कोगानजी देवळात कान्नोनची, करुणेच्या देवतेची, मूर्ती आहे. आपलं जे दुखतं, मूर्तीचा तो भाग ओल्या कापडाने पुसायचा. रांग लागली होती, सगळ्या माझ्याच वयाच्या. पुढची बाई कंबर पुसत होती, तिच्या पुढची खांदा. मी डावा गुडघा पुसला, मग विचार केला आलोच आहोत तर उजवाही. मागचीला ते आवडलं नसावं, पण तिने तोंडातून हवा आत ओढण्यापलीकडे काही केलं नाही.

परत येताना एक खड्डा पाहिला. फुटपाथवर, आमच्या परातीएवढा. त्याच्याभोवती शंकू, वाकून माफी मागणाऱ्या माणसाचं चित्र असलेली पाटी आणि तीन रखवालदार, हातात लाल दिवे, सत्तरीचे. अंगात पंखे बसवलेली जाकिटं, त्यात हवा भरून तिघेही फुगलेले. यंदा १ जूनपासून उन्हात काम करणाऱ्यांची काळजी घेणं मालकांवर बंधनकारक झालंय. एकाने मला खड्ड्याच्या कडेने पलीकडे नेलं, जणू मी मुठा नदी ओलांडत होते. पुण्यात असे खड्डे मी अंधारात, पावसात, एकटीने पार केलेत. पण इथे खरी गोष्ट खड्ड्याची नाही. २०२४ मध्ये या देशात ६ लाख ८६ हजार मुलं जन्मली, आणि सोळा लाख माणसं गेली. खड्डा खणायला तरुण नाही म्हणून तो राखायला तीन म्हातारे, असा माझा हिशेब आहे.

१८ जुलै, शुक्रवार. ओकायामा

शिन्कानसेनने सव्वातीन तासांत ओकायामा. वेळेबद्दल लिहीत नाही, सगळे लिहितात.

इथे यायचं कारण पुणेकरी आहे. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग, तीच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, ज्या बागेवरून बेतली ती कोराकुएन इथे आहे. आमच्याकडे दहा एकर. इथे तेरा हेक्टर. तिथे मी संध्याकाळी चालायला जाते आणि हिरवळीवर पाय ठेवला की शिट्टी वाजते. इथे हिरवळ जास्त आणि शिट्टी नाही. पूल, तळं, टेकडी, सगळं ओळखीचं, फक्त कोणीतरी मोठं करून ठेवल्यासारखं. पलीकडे काळा किल्ला. आमच्याकडे पलीकडे सोसायटीच्या टाक्या.

बागेतच भाताचं खाचर आहे! खरंखुरं, पाणी भरलेलं, हिरवंगार. १७०० मध्ये इकेदा घराण्याच्या सरदाराने बाग पुरी केली तेव्हापासून शेती हा बागेचाच भाग. मी तिथे अर्धा तास बसले. जूनमध्ये लावणी झालेली असणार, चूड चांगले फुटले होते. मावळातसुद्धा या दिवसांत हेच चाललेलं असतं, फक्त तिथे ते बघायला तिकीट काढत नाहीत.

कोराकुएन या नावाचा अर्थ ऋताने फोनवर सांगितला. जुनं चिनी वचन आहे : राजाने प्रजेच्या आधी चिंता करावी आणि प्रजेच्या नंतर सुख भोगावं. कोराकु म्हणजे 'नंतर सुख'. कृषिमंत्र्यांना शपथेआधी इथे एक दिवस बसवायला हरकत नाही.

ओकायामा हे मोमोतारोचं, पीचच्या फळातून जन्मलेल्या मुलाचं गाव. कुत्रा, माकड आणि फेझंट पक्षी यांना किबीदांगो खाऊ घालून त्याने राक्षसांवर स्वारी केली. किबीदांगो म्हणजे धान्याचे गोळे. आधी धान्य वाटा, मग माणसं मागे येतात, हे त्या मुलाला आमच्या खात्याआधी कळलेलं. जुलै हा पांढऱ्या पीचचा महिना. प्रत्येक फळ कापसात निजवलेलं. चारांची पेटी घेण्याऐवजी पाच किलो तांदूळ आला असता. मी खालच्या आजींसाठी किबीदांगोचा पुडा घेतला आणि पीचचा वास फुकट घेतला.

१९ जुलै, शनिवार. कोयासान

ओसाकाला गाडी बदलली. स्टेशनभर इथल्या जागतिक प्रदर्शनाचं, एक्स्पोचं शुभंकर, म्याकु-म्याकु : लाल गोळ्यांची माळ, गोळ्यागोळ्याला डोळे, खाली निळं धड. लहान मुलं त्याला मिठी मारतात. मला ते मधमाश्या चावलेलं भूत वाटलं. एक्स्पोला गेले नाही. रांगेत उभं राहायला मी सुट्टी घेतलेली नाही.

नाम्बाहून डोंगरगाडी, शेवटचं स्टेशन गोकुराकुबाशी, म्हणजे स्वर्गाचा पूल, आणि तिथून केबलगाडीने पाच मिनिटांत वर. वर गार हवा. बसचा पहिलाच थांबा न्योनिंदो, बायकांचं देऊळ. कोयासानवर, या मठांच्या डोंगरावर, बायकांना यायला बंदी होती, त्या इथपर्यंत येऊन बाहेरूनच नमस्कार करत. १८७२ मध्ये सरकारने बंदी उठवली. मी मुद्दाम या थांब्यावर उतरले आणि चालत आत गेले.

पहिल्यांदा कोयासान विद्यापीठ. आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. १० सप्टेंबर २०१५ ला देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते अनावरण झालं. आमच्या ऑफिसात १४ एप्रिलला हार घालायचं काम अनेक वर्षं माझ्याकडे होतं. इथे हार नव्हता, माणसंही नव्हती, फक्त देवदारांचा वास. ऑफिसातल्या जुन्या सहकाऱ्याला फोटो पाठवला. त्याचं उत्तर : "मॅडम, हार?" त्याला काय सांगणार, फुलांचं दुकान सापडेना!

मग ओकुनोइन. दोन लाखांच्या वर समाध्या, शतकांचे देवदार, शेवाळलेले दगड. सेनापती, सरदार, भिक्षू, आणि मग अचानक कंपन्या. कॉफीच्या कंपनीच्या समाधीवर दगडाचा कप-बशी. विमानाचे भाग बनवणाऱ्या कंपनीचं रॉकेट, उभं, चकचकीत. ज्या कंपनीत जन्म काढला तिच्याच दगडाखाली मेल्यावरही हजेरी. आम्हाला निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ आणि पेन्शनच्या कागदात तीन चुका मिळतात. त्यापेक्षा हे बरं की वाईट, ठरवता येईना. वाळवी नियंत्रण करणाऱ्यांच्या संघटनेनेही एक दगड उभारलाय, त्यांनी मारलेल्या वाळवीसाठी. वर लिहिलंय : वाळवींनो, शांत झोपा. हसावं म्हटलं, पण हसू अर्ध्यात राहिलं. गोदामात आम्ही सल्फासच्या गोळ्या टाकून किती किडे मारले असतील, एकाची आठवण ठेवली नाही.

सगळ्यात आत, पुलापलीकडे, इथले मठ स्थापणारे भिक्षू कूकाई यांची जागा. ८१६ मध्ये त्यांना हा डोंगर मिळाला, ८३५ मध्ये ते समाधीत बसले आणि अजून तिथेच आहेत, गेलेले नाहीत, अशी श्रद्धा. रोज दोनदा, पहाटे सहाला आणि साडेदहाला, लाकडी पेटीतून त्यांना जेवण नेतात. बाकीचे पर्यटक एकमेकांकडे बघत होते. मला त्यात नवल असं काही वाटलं नाही. आळंदीला आम्ही याहून वेगळं काय मानतो? हात जोडले, 'ज्ञानोबा माउली' एवढंच तोंडात आलं आणि ते चाललंही असावं.

मुक्काम देवळातच. जेवण शोजिन र्‍योरी : तिळाचं तोफू, सुकवलेलं कोयातोफू, भाज्यांची तेंपुरा, भात. मासे नाहीत, कांदा नाही, लसूण नाही. चार दिवस मी चातुर्मास सांभाळत होते आणि या देशात प्रत्येक सूपात, प्रत्येक सोयाबीनच्या वाटीत, गुपचूप सुक्या माशाचं पाणी असतं. शाकाहारी का? हो. मासा? नाही. मग वास कशाचा? तो फक्त दाशी. इथे पहिल्यांदा चौकशी न करता पोटभर जेवले. भात दोनदा घेतला. वाढणाऱ्या तरुण भिक्षूने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला एका कुटुंबाला एकच पिशवी आठवली आणि मी नको म्हटलं.

२० जुलै, रविवार. परत तोक्यो

पहाटेची पूजा, बस, केबल, रेल्वे, रेल्वे, शिन्कानसेन. पाय सुजले. कान्नोनला मी दोन्ही गुडघे सांगितले होते, घोटे सांगायचे राहिले.

रस्ते गप्प होते. मतदानाच्या दिवशी भोंगे बंद. खालच्या आजी शाळेतल्या केंद्रावरून परत येताना जिन्यात भेटल्या. निखिल दुभाषा. इथे मतदाराला उमेदवाराचं किंवा पक्षाचं नाव पेन्सिलीने स्वतः लिहावं लागतं. यंत्र नाही, शिक्का नाही. मतपत्रिकेचा कागद असा खास, की घडी घालून टाकली तरी पेटीत आपणहून उलगडते, मोजणाऱ्यांचा वेळ वाचतो. आणि दोन पक्षांचं संक्षिप्त नाव एकच आहे, मिनशुतो. नुसतं तेवढं कोणी लिहिलं तर ते मत दोघांमध्ये प्रमाणात वाटतात, दशांशात! ३१ वर्षं मी क्विंटलचे दशांश लिहिले. माणसाच्या मताचे दशांश प्रथमच ऐकले.

मी विचारलं, "आजी, कोणाला दिलं?" निखिलने भाषांतर करायला नकार दिला. मी हातवारे केले. आजी हसल्या, मान तिरकी केली आणि म्हणाल्या, "सा..." म्हणजे आता काय सांगावं. हा एक अक्षराचा शब्द जपानच्या परराष्ट्र धोरणालाही पुरतो असं मला टीव्ही बघून वाटलं. ट्रम्प म्हणतात जपान आमचा तांदूळ घेत नाही, मी जपानी मालावर २५ टक्के कर लावीन. जपान म्हणतं, सा...

रात्री आठला मतदान संपलं आणि त्याच मिनिटाला टीव्हीवर अंदाज झळकले. सत्ताधारी आघाडीला पन्नास जागा हव्या होत्या, पहाटेपर्यंत ४७ झाल्या. केशरी पक्षाला १४. खालच्या सभागृहातलं बहुमत गेल्या ऑक्टोबरातच गेलं होतं. पंतप्रधान इशिबांचा चेहरा असा, की तराजूत घट निघालेल्या गोदामपालाचा. निखिल सारखा चॅनल बदलत होता. ऋता साडेआठलाच उठून कपडे इस्त्री करायला लागली. उद्या सुट्टी होती.

२१ जुलै, सोमवार. समुद्र दिन

इशिबांनी पदावर राहणार असं सांगितलं. आमच्या घरात मात्र कामाची गोष्ट झाली : कोकोकोमाइची पिशवी उघडली. हातात घेऊन वास घेतला, दाणा दाताखाली फोडला. कीड नाही, कुबट नाही, तुकडा कमी. चार वर्षांचा तांदूळ इतका स्वच्छ ठेवल्याबद्दल मी त्या अनोळखी गोदामपालाला मनातून सलाम केला. इथली गोदामं थंड ठेवतात. आमची पावसाळ्यात गळतात.

मसालेभात केला, तोंडली मिळाली नाहीत म्हणून वांगी आणि मटार, गोडा मसाला पुण्याचा, कांदा नाही. बासमतीसारखा मोकळा नाही झाला, पण इथल्या गोळ्यासारखाही नाही. अगदी आमच्या लग्नातल्या पंगतीतल्यासारखा, शितं एकमेकांना टेकून पण स्वतंत्र. वरून तूप. एक डबा भरून खाली आजींना दिला, किबीदांगोच्या पुड्यासह.

त्यांनी दारातच एक घास खाल्ला. डोळे मिटले. "मेझुराशी देसु ने."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे वेगळंच आहे," निखिल म्हणाला.

"आवडलं की नाही?"

"ते शब्दांवरून कळत नाही, मावशी. डबा कसा परत येतो ते बघायचं."

आजींना मी निखिलकरवी सांगितलं की हा सरकारचा जुना-जुना-जुना तांदूळ आहे. त्या एकदम मोकळ्या हसल्या आणि स्वतःकडे बोट दाखवून म्हणाल्या, "को-को-को."

२२ जुलै, मंगळवार

सकाळी बॅग भरत होते तर दाराशी डबा. धुतलेला, फडक्यात बांधलेला. रिकामा डबा परत द्यायचा नाही हे यांनाही माहीत. आत काकडी आणि वांग्याचे तुकडे, नुकाझुके. तांदळाच्या कोंड्यात मुरवलेलं लोणचं. कोंड्याचं मडकं रोज हाताने ढवळावं लागतं, आजींचं त्यांच्या आईकडून आलंय, असं फडक्यातल्या चिठ्ठीत लिहिलं होतं.

नेता येणार नव्हतं. पोळीबरोबर तिथेच खाल्लं, उभ्याउभ्या. ऋताने वासाने नाक मुरडलं. मला तो वास आल्याबरोबर कळला : पावसाळ्यातलं गोदाम, दुपारी चार वाजता, पोती उतरवून झाल्यावरचं.